सुशोभीकरणाच्या ठरावाला कारणे हवीत

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेच्या आणि महानगरपालिकेच्या कारभारात सुशोभीकरण हे एक नेहमीचे काम झाले आहे. चौकाचे सुशोभीकरण, रस्ता दुभाजकाचे, तलावाच्या काठाचे, उड्डाणपुलाखालच्या मोकळ्या जागेचे, नदीघाटाचे, देवळाच्या आवाराचे. ठराव येतो, खर्चाचा अंदाज तयार होतो, निविदा निघते, काम सुरू होते आणि काही महिन्यांनी लोकार्पणाचा फलक लागतो. या प्रवासात दर, मुदत आणि कामाचा दर्जा यांविषयी प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. पण ज्या गोष्टीच्या नावाने हा सगळा खर्च होतो, तिच्याविषयीचे एखादे वाक्यही त्या कागदपत्रांत सहसा सापडत नाही. ही जागा आज कशी दिसते, तिच्यात मुळात चांगले काय आहे, नजरेला खुपते ते काय आणि नियोजित कामाने ती अधिक सुंदर कशी होणार, हे कोणी लिहीत नाही. कारण असे काही लिहिता येते, यावरच कोणाचा विश्वास नसतो. एखाद्या नागरिकाने भर सभेत विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते: आवड ज्याची त्याची, तुम्हाला नाही आवडले तर दुसऱ्या कोणाला आवडेल.

हे उत्तर ऐकायला उदार वाटते. प्रत्येकाच्या आवडीला सारखाच मान देणारे, कोणाचीही अभिरुची कोणावर न लादणारे असे त्याचे रूप आहे. प्रत्यक्षात त्याने चर्चेचे दार बंद होते आणि दार बंद झाल्यावर निर्णय लोकांकडे जात नाही. तो ठेकेदाराकडे तयार असलेल्या साच्यांकडे आणि पुरवठादाराच्या छापील यादीकडे जातो. म्हणूनच एका जिल्ह्यातल्या चौकात जे कारंजे, जे फायबरचे प्राणी आणि जे रंगीत दिवे दिसतात, तेच तीन जिल्हे ओलांडून गेल्यावरही दिसतात. माझे म्हणणे असे आहे की सौंदर्याविषयीचे मत कारणे देऊन मांडता येते, दुसऱ्याच्या कारणांनी ते बदलताही येते, आणि म्हणून सर्वांच्या मालकीच्या जागेचे रूप बदलणाऱ्यांवर ती कारणे लेखी देण्याचे बंधन असले पाहिजे. सौंदर्यशास्त्राचा आपल्या सार्वजनिक जीवनाशी असलेला खरा संबंध हा आहे. तो विद्यापीठांतल्या तत्त्वज्ञानाच्या आणि साहित्याच्या विभागांत कोंडून राहिला, यात आपलेच नुकसान झाले आहे.

‘आवड ज्याची त्याची’ या भूमिकेला सर्वांत नेमके उत्तर इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1790 साली दिले. एखादी गोष्ट सुखद वाटणे आणि ती सुंदर वाटणे यांत त्याने फरक केला. कारल्याची भाजी मला आवडते असे मी म्हटले आणि तुम्ही नाक मुरडले, तर आपल्यात वाद होण्याचे कारण नाही. मला आवडते, तुम्हाला आवडत नाही, विषय संपला. पण सह्याद्रीच्या एखाद्या कड्याकडे बोट दाखवून मी ‘किती सुंदर आहे’ म्हणतो, तेव्हा मी केवळ माझ्या जिभेची किंवा डोळ्यांची खबर देत नसतो. तुम्हीही ते पाहावे आणि तुम्हालाही ते तसे दिसावे, अशी माझी अपेक्षा त्या बोलण्यात असते. तुम्ही मान हलवली नाही, तर मी तुम्हाला हाताला धरून दोन पावले पुढे नेतो आणि ‘इथून बघा’ म्हणतो. कारल्याच्या बाबतीत असे कोणी करत नाही. जगातल्या प्रत्येकाने होकार द्यावा अशी मागणी करणारे, पण त्यासाठी कोणताही नियम वा मोजमाप पुढे करू न शकणारे असे हे विलक्षण विधान आहे, आणि सौंदर्यशास्त्राचे बहुतेक सारे अवघड प्रश्न या एका कोड्यातून निघतात.

नियम नाही, मोजमाप नाही, मग कारणे कशी द्यायची? इथे आपल्या परंपरेने दिलेले उत्तर मला अधिक जवळचे वाटते. काश्मीरमधील काव्यमीमांसक अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी सहृदयाचे, म्हणजे जाणत्या रसिकाचे, लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाचा आणि अभ्यासाचा उल्लेख केला. त्या अभ्यासामुळे ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि म्हणून जो वर्ण्य विषयाशी तन्मय होऊ शकतो, तो सहृदय. यातला अभ्यास महत्त्वाचा आहे. सहृदयता हे कोणाला जन्माने मिळणारे वतन नसून पुन्हा पुन्हा पाहण्याने, ऐकण्याने आणि वाचण्याने ती घडते, असा त्याचा अर्थ होतो. गाण्याच्या मैफिलीत हे सहज दिसते. पहिल्यांदा ख्याल ऐकणाऱ्याला समेवर माना का डोलतात ते कळत नाही. शेजारी बसलेला जाणकार त्याला ताल मोजून दाखवतो, गायिका कुठून निघाली आणि कुठे येऊन पोचली ते सांगतो, आणि पुढच्या आवर्तनात त्या नवख्या श्रोत्याला ती जागा ऐकू येऊ लागते. जाणकाराने इथे काही सिद्ध केले नाही, त्याने फक्त दाखवले. सौंदर्याच्या बाबतीत कारण देणे म्हणजे असे दाखवून देणे, आणि दाखवल्यावर समोरच्याला दिसले नाही तर आपलेच पाहणे पुन्हा तपासायला तयार असणे.

हे एखाद्या वास्तूच्या बाबतीत कसे होते ते पाहू. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला गोंदेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. मधोमध महादेवाचे मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत चार लहान देवळे आणि समोर नंदीचा मंडप, अशी ती पंचायतन रचना. शिखर भूमिज पद्धतीचे आहे. म्हणजे चारही दिशांना मधोमध वरपर्यंत चढत गेलेल्या कोरीव पट्ट्या आणि त्यांच्या दरम्यान, एकावर एक रचलेल्या ओळींत, मुख्य शिखराच्याच आकाराची लहान लहान शिखरे. खालून वर जाताना ही लहान शिखरे आकसत जातात. त्यामुळे आपली नजर नुसती वर जात नाही, ती पायरी पायरीने वर चढते आणि प्रत्येक पायरीवर तिला तोच आकार थोडा लहान होऊन भेटतो. दुसरीकडे जोत्याचे थर सगळे आडवे आहेत. त्या आडव्या रेषांनी देऊळ जमिनीला घट्ट धरून ठेवले आहे आणि शिखराच्या उभ्या रेषा त्याला वर ओढत आहेत. भिंती सरळ सपाट नाहीत. कोपऱ्याकोपऱ्याने पुढेमागे होत जातात, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू उजळते आणि दुसरी काळोखात राहते. दगड एकाच रंगाचा, पण सावल्यांमुळे त्यात करड्याच्या अनेक छटा निघतात. दुपारी ऊन डोक्यावर आले की तेच देऊळ वेगळे दिसते, कारण तेव्हा सावल्या खाली उतरतात आणि थरांच्या आडव्या रेषा ठळक होतात.

मी इथे जे सांगितले त्यातली कोणतीही गोष्ट माझ्या खासगी आवडीची नाही. तिथे जाऊन कोणीही ती ताडून पाहू शकेल, ‘मला तसे दिसत नाही’ असे म्हणू शकेल, किंवा माझ्या नजरेतून सुटलेले दाखवून देऊ शकेल. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या भाषेत मांडला होता. आडव्या आणि उभ्या रेषांचा विरोध, लहान आणि मोठ्या शिखरांचा संवाद, आणि या दोहोंतून साधलेला समतोल असे गोंदेश्वराविषयी बोलता येते, आणि तसे बोलल्यावर देऊळ आधीपेक्षा अधिक दिसते. सिद्धान्ताची माझ्या लेखी एवढीच कसोटी आहे.

आता अशाच घडणीच्या, पण सरकारी संरक्षण न लाभलेल्या, गावकुसाजवळच्या एखाद्या देवळाचा विचार करा. आपण ज्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतो अशी शेकडो देवळे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतल्या कितीतरी देवळांचे खांब आज ऑइलपेंटने रंगवलेले आहेत. खांब पिवळे, त्यांच्या कडा लाल, कीर्तिमुखाचे, म्हणजे कोरलेल्या उग्र मुखवट्याचे, डोळे पांढरे, गाभाऱ्याच्या भिंतींना चकचकीत फरशा, सभामंडपापुढे पत्र्याची शेड. याला विरोध करणारे बहुधा एवढेच म्हणून थांबतात की हे भडक आहे, बेगडी आहे. अशा विशेषणांनी गावकऱ्याचे मन दुखावते आणि त्याला काही नवे दिसत नाही. कारणे मात्र देता येतात. तैलरंगाचा थर जाड असतो आणि दर दोनचार वर्षांनी त्यावर नवा थर चढतो. त्यामुळे कोरीव कामाच्या बारीक कडा बुजतात आणि पाथरवटाने अर्ध्या बोटाच्या खोलीने काढलेली पाकळी सपाट होते. सावल्यांवर उभी असलेली रचना चकाकत्या पृष्ठभागावर टिकत नाही, कारण चकाकी प्रकाश परतवून देते आणि छटा पुसून टाकते. शिवाय हा रंग हवा खेळू देत नाही, दगडात व सांध्यांत मुरलेली ओल आतच राहते आणि कालांतराने रंगाबरोबर दगडाचा पापुद्राही सुटू लागतो. पुढे तो रंग काढायचा म्हणून वाळूचा जोरदार मारा केला, तर कोरीव कामाची उरलीसुरली धारही जाते.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे आणि ती वादाला अधिक खोल नेते. काळा उघडा दगड म्हणजेच देवळाचे शुद्ध रूप, ही आपली आजची समजूत आहे. जुन्या काळाची नव्हे. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी कोरवलेल्या वेरूळच्या कैलास लेण्यावर गिलाव्याचे आणि रंगाचे अवशेष आजही दिसतात. त्या लेण्याला रंगमहाल असे नावच पडले होते. म्हणजे रंगवणारा गावकरी परंपरेच्या विरुद्ध वागतो आहे असे म्हणणे इतिहासाला धरून नाही, आणि देवाचे घर उजळ दिसावे ही त्याची ओढ तर हजार वर्षांची जुनी आहे. मग आक्षेप उरतो तो कशाला? आक्षेप रंगाला नाही, या रंगाच्या वागण्याला आहे. तो रंग दगडाच्या घडणीला उठाव देतो की ती झाकतो, कोरीव कामाच्या मागे चालतो की त्याच्यावर बसतो, दगडाला जगू देतो की नाही, हे प्रश्न विचारायचे. माहिती मिळाल्यावर प्रश्न असे बदलतात आणि नेमके होतात, हाच सौंदर्यविचार अभ्यासाचा विषय असल्याचा पुरावा आहे. भाजीच्या आवडीला अशी इतिहासाची, पदार्थाच्या गुणधर्माची आणि उन्हाच्या दिशेची मदत लागत नाही.

मराठीत हा विचार तोलामोलाने झालेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. मर्ढेकरांच्या लेखनावर पुढची अनेक वर्षे मराठीत वाद झडत राहिला. रा. भा. पाटणकरांचा ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ 1974 साली आला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रभाकर पाध्ये, शरच्चंद्र मुक्तिबोध, सुरेंद्र बारलिंगे अशी मोठी फळी या विषयात होती. पाटणकरांनी सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव असल्याचे दाखवले. एका ध्रुवाशी सुंदर वस्तू जगाच्या व्यवहारापासून अलग, स्वयंपूर्ण आणि अलौकिक असते. दुसऱ्या ध्रुवाशी ती आपल्या ज्ञानाशी, नीतीशी आणि जगण्याशी बांधलेली, लौकिक असते. आपले सौंदर्यविषयक बोलणे या दोन ध्रुवांच्या दरम्यान फिरत असते. मला हे विश्लेषण फार मोलाचे वाटते. मात्र या सगळ्या चर्चेचा मुख्य ओढा साहित्याकडे राहिला, आणि साहित्यातही कवितेकडे. घर, रस्ता, घाट, बाजार यांच्या सौंदर्याविषयी मराठीत तेवढ्या ताकदीने कोणी बोलले नाही, आणि नेमक्या त्याच काळात आपली गावे झपाट्याने बदलत होती.

पाटणकरांचा लौकिक ध्रुव वास्तूच्या बाबतीत किती खरा आहे, ते वाईला दिसते. कृष्णेच्या काठावर, अठराव्या शतकात रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ ऐन घाटावर, पुराच्या वाटेत उभे आहे. त्याची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केली आहे, अशासाठी की पुराचे पाणी तिच्यावर आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे. ती भिंत पाहताना तिचा डौल वेगळा आणि तिचे काम वेगळे असे करता येत नाही. घाटाच्या पायऱ्यांचेही तसेच आहे. पायऱ्या पाण्यापर्यंत जातात, पाणी चढले की त्यातल्या काही बुडतात, उतरले की उघड्या पडतात. धुणे, स्नान, दशक्रिया, मुलांचे पोहणे हे सगळे त्यांच्या मापात धरलेले असते. अशा घाटाच्या सुशोभीकरणात पहिल्या प्रथम पाण्याकडेला स्टीलचे कठडे येतात आणि मग रंगीत प्रकाशझोत. कठडा आला की पायरी पाण्यापर्यंत पोचायची थांबते आणि तिचे रूपच खोटे पडते. पुण्यात मुळा-मुठेच्या सुमारे 44 किलोमीटर लांबीच्या नदीकाठ प्रकल्पावरून जो वाद चालू आहे तो मुख्यतः पूररेषा, झाडे आणि प्रदूषण या भाषेत चालतो, आणि ती भाषा आवश्यकच आहे. पण नदीचा काठ म्हणजे काय, तो सरळ बांधीव असावा की उतरता, चिखलाचा, गवताचा, बदलत राहणारा, हा प्रश्न सौंदर्याचाही आहे. तो तसा विचारायला आपल्याला संकोच वाटतो, कारण सौंदर्याचा मुद्दा काढला की आपले म्हणणे हलके पडेल अशी भीती असते.

या साऱ्या विवेचनावर एक आक्षेप आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. सौंदर्य ठरवणारे कोण? ज्यांच्या हाती विद्या, जमीन आणि सत्ता होती, त्यांनी आपली अभिरुची हीच अभिरुची म्हणून सांगितली आणि बाकीच्यांचे जगणे, बोलणे, गाणे विद्रूप ठरवले. शरद पाटलांनी अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची मांडणी केली ती याच जाणिवेतून. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ 1996 साली प्रसिद्ध झाले. आनंद हीच ज्याची कसोटी, अशा सौंदर्यशास्त्राने वेदनेतून आणि नकारातून आलेल्या साहित्याचे मोल करता येणार नाही, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. शहरांच्या बाबतीत हा आक्षेप डोळ्यांपुढे घडताना दिसतो. मुंबईत 2022च्या डिसेंबरात जी-20च्या बैठकीसाठी पाहुणे येणार म्हणून वाटेवरच्या काही वस्त्या कापडाआड झाकल्या गेल्या. फेरीवाले हटवले की रस्ता सुंदर, झोपडी दिसेनाशी केली की शहर सुंदर, असा हिशेब त्यामागे असतो. सौंदर्य या शब्दाचा असा वापर होत असेल, तर सार्वजनिक चर्चेत तो आणूच नये असे कोणाला वाटले तर ते समजण्यासारखे आहे.

तरीही मला वाटते की या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलट आहे. वस्ती झाकणाऱ्या अधिकाऱ्याला कोणी कारण विचारले नव्हते. त्याला लिहावे लागले असते की ‘इथली माणसे दिसणे कुरूप आहे’, तर ते वाक्य कागदावर उतरवण्याची हिंमत त्याला झाली नसती. अलिखित अभिरुची ही नेहमी बलवानाची अभिरुची असते. तिला लेखी कारणे द्यायला लावणे हे दुर्बळाच्या हातातले साधन आहे. आणि दलित साहित्याच्या समीक्षकांनी नेमके काय केले? त्यांनी ‘आमची आवड वेगळी’ एवढ्यावर विषय सोडून दिला नाही. जुन्या कसोट्या कुठे अपुऱ्या पडतात ते त्यांनी कृतींकडे बोट दाखवून सांगितले, नव्या कसोट्या मांडल्या आणि त्या सर्वांनी मान्य कराव्यात असा आग्रह धरला. मराठी वाचकाची नजर त्याने कायमची बदलली. सौंदर्याविषयी युक्तिवाद करता येतो याचा याहून मोठा दाखला आपल्याकडे नाही.

वारली चित्रांचे जे चालले आहे तेही याच दृष्टीने पाहायला हवे. लग्नाच्या वेळी झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी लिहायचा चौक, त्याच्या मध्यभागी पालघट देवी, आणि तो लिहिला जात असता धवलेरीची गाणी, असे या कलेचे मूळ स्थान. जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणली, तिला स्वतःची अशी विलक्षण बारीक, थरथरती रेषा दिली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्र भिंतीवरून बाहेर आले म्हणून ते बाटले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण आज उड्डाणपुलाच्या खांबांवर, स्वच्छतागृहांच्या भिंतींवर, कार्यालयांच्या कुंपणांवर साच्याने उमटवलेली जी त्रिकोणी माणसे दिसतात, त्यांत तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीचा नाच असतो आणि नाचातली गती नसते. मशे यांच्या चित्रात नाचणाऱ्यांची साखळी गुंडाळत आत जाते, प्रत्येक माणसाचा कल निराळा असतो आणि मधल्या मोकळ्या जागेलाही ताण असतो. साच्यात एकच माणूस वीस वेळा छापलेला असतो. ते चित्र काढणारा वारली असेल का, त्याला मोबदला काय मिळाला, त्या खांबाशी या चित्राचा संबंध काय, हे प्रश्न सौंदर्याच्या प्रश्नापासून वेगळे नाहीत. एका समाजाच्या लग्नाचा विधी जिथे रिकामी भिंत भरण्याच्या कामी येतो, तिथे डोळ्यांना जे उथळ दिसते त्याची कारणे फार आत गेलेली असतात.

लेखी कारणे देता येतात, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठ यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक इमारती आहेत आणि पश्चिमेला 1930च्या दशकापासून उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. दोन शतकांच्या दोन शैली एका मैदानाच्या दोन कडांवर एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत, हे वैशिष्ट्य वास्तुतज्ज्ञांनी आणि रहिवाशांनी नकाशे, छायाचित्रे आणि युक्तिवाद यांसह मांडले, आणि 2018 साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून मान्य केला. एका बाल्कनीची गोलाई, एका जिन्याची जाळी, इमारतींची सारखी उंची या गोष्टी जपण्याजोग्या का, हे तिथे शब्दांत सांगावे लागले आणि सांगता आले. जे दक्षिण मुंबईला शक्य आहे ते सिन्नरला, वाईला किंवा एखाद्या दोन हजार वस्तीच्या गावाला अशक्य असण्याचे कारण नाही. खर्चही फारसा नाही. लागतो तो पाहण्याचा सराव.

तो सराव शाळेत सुरू व्हायला हवा. आपल्याकडे शासकीय रेखाकला परीक्षांची, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची, जुनी परंपरा आहे आणि दरवर्षी मोठ्या संख्येने मुले त्यांना बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे त्यांतले विषय. हात घडवण्याची ही व्यवस्था चांगली आहे, पण तीत पाहून बोलण्याला जागा नाही. दुसरीकडे मराठीच्या पेपरात दहावीच्या मुलांना कवितेच्या ओळींचे रसग्रहण लिहावे लागते. आशय काय, रचना कशी, भाषेने काय साधले, हे ती मुले सांगू शकतात. मग आपल्या गावच्या वेशीचे, बारवेचे, एसटी स्थानकाचे, शाळेच्या इमारतीचे रसग्रहण त्यांच्याकडून का करून घेऊ नये? मुलांना घेऊन बारवेवर जावे, सकाळी आणि दुपारी तिचे चित्र काढायला लावावे आणि मग विचारावे की पायऱ्यांच्या या मांडणीत काय दिसले. त्या वर्गात शेतमजुराची मुलगी आणि डॉक्टरचा मुलगा सारख्याच पायरीवर उभे असतील, कारण बारव दोघांचीही आहे.

औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली आपल्या छोट्या संस्थानात, यमाईच्या डोंगरावर, संग्रहालय उभारले. राजा रविवर्म्यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या शिल्पकाराच्या मातृमूर्तीपर्यंतचा ऐवज त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी गावात आणून ठेवला. पुढच्याच वर्षी, 1939 साली, याच राजाने आपल्या राज्याचा कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर उभा करणारी राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती दिली. ज्या माणसांनी आपला कारभार आपण करायचा, त्यांच्या नजरेला उत्तम ते पडले पाहिजे, असा या दोन कृतींतला संबंध मला दिसतो. स्वतः चित्रकार असलेल्या त्या राजाला देवीच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याने मूरचे शिल्प पाहणे अस्थानी वाटले नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सुशोभीकरणाचा प्रत्येक ठराव मांडताना त्यासोबत दोन पानांचे निवेदन असावे आणि ते सभेत वाचले जावे. जागा आज कशी आहे, तिचा वापर कोण कसा करते, तिच्यात राखण्याजोगे काय आहे, काय बदलायचे आणि त्याने काय साधेल, एवढे त्यात लिहावे. ‘शोभिवंत’, ‘आकर्षक’, ‘देखणे’ अशी विशेषणे कारण म्हणून धरू नयेत. तिथे राहणाऱ्यांना आणि तिथे पोट भरणाऱ्यांना त्यावर हरकत नोंदवता यावी आणि त्या हरकतीला लेखी उत्तर द्यावे लागावे. देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी जाणकाराच्या सल्ल्याने एकच खांब नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने स्वच्छ करावा, तो तसाच महिनाभर ठेवावा, लोकांनी तो सकाळसंध्याकाळ येताजाता पाहावा आणि मग ग्रामसभेने बहुमताने ठरवावे. कदाचित काही गावे तरीही रंगच निवडतील. त्यांनी तो चुन्याच्या पातळ हाताने, कोरीव कामाला जपून द्यावा की आणखी कसा, यावरही मग तिथे बोलणे होईल, आणि ते बोलणे आवडीनिवडीचे नसेल. समोरच्या खांबाचे असेल.